उघडली, बघितली, दाखवली

मला आयुष्यात एकदाच बाकावर बसवलं गेलं, तेही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तेहतीस वर्षं मी कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवलं. त्या काळात किती मुलांना वर्गाबाहेर उभं केलं याची मोजदाद मी ठेवली नाही, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही. पण उत्तरेश्वरने मला बसवलं तेव्हा अन्याय म्हणजे काय असतं ते मला अगदी आतून कळलं.

निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या सगळ्याजणी हास्यक्लबात गेल्या. मला हसायचं असलं की मी घरी बसून वर्तमानपत्र वाचते, त्यासाठी पहाटे बागेत जाऊन हात वर करायची मला गरज वाटत नाही. वारज्यात एअर पिस्तूल शिकवतात आणि वयाची अट नाही, असं कळलं, म्हणून तिकडे गेले. एका हाताने पिस्तूल धरायचं, श्वास रोखायचा, दहा मीटरवरच्या काळ्या ठिपक्यावर छर्रा मारायचा. बोलायचं नाही. हे मला फारच आवडलं.

चौथ्या दिवशी माझा छर्रा नऊच्या वर्तुळात लागला. आयुष्यात इतका आनंद मला पोरं दहावी पास झाल्यावरसुद्धा झाला नव्हता. मी पिस्तुलासकट गर्रकन वळले आणि म्हणाले, "नऊ! बघितलं का?"

कोणी बघितलं नव्हतं. माझ्या उजवीकडची तीन मुलं आपापल्या जागी खाली बसली होती. मी वळताना माझ्या पिस्तुलाचं तोंड त्यांच्या अंगावरून फिरलं होतं. तेवढ्यात एक सावळा, किडकिडीत माणूस माझ्याजवळ आला. हाच उत्तरेश्वर. ओरडला नाही. खालून हात घालून त्याने पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे वळवलं, माझ्या हातातून ते सोडवून घेतलं, उघडलं, आत बघितलं आणि टेबलावर ठेवलं.

"बाई, बाकावर बसा."

"अहो, रिकामी आहे बंदूक! छर्रा सुटलाय ना आत्ताच."

हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. मी त्याला काही घाण बोलले असते तरी इतका उतरला नसता. "आठ दिवस," तो म्हणाला. "यायचं न्हाई असं न्हाई. रोज यायचं, आन् बसायचं."

मी तणतणत मालकांकडे गेले. मालक म्हणजे हिंदुराव. त्यांना सगळे आबा म्हणतात. वारज्याचे मूळचे शेतकरी, आता निम्म्या वारज्याचे घरमालक. त्यांनी माझी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि गडगडाटी हसले. "बाई, माज्या नातीला त्यानं पंधरा दिवस बशिवलं हुतं. तुमाला आठच? वय बघून सूट दिली आसंल."

त्यांची नात म्हणजे शेफाली. तेव्हा दहावीत होती, आणि त्या हॉलमध्ये सगळ्यांत सुंदर नेम तिचा होता. तिलाही बसवलं होतं म्हटल्यावर माझा राग निम्मा झाला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला.

हा हॉल म्हणजे एके काळचं आबांचं मंगल कार्यालय. आता वारज्यातली लग्नंसुद्धा घाटाखालच्या रिसॉर्टवर लागतात, म्हणून वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या हॉलमध्ये आबांनी हौसेने शूटिंग रेंज काढली. दारांवरच्या पाट्या मात्र पुसल्या नाहीत. 'वरपक्ष' लिहिलेल्या खोलीत ऑफिस आहे, आणि 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत बंदुका आणि पिस्तुलं कुलपात असतात. प्रत्येकीच्या नळीतून एक केशरी दोरी आरपार ओवलेली असते. दोरी आरपार गेली म्हणजे आत छर्रा नाही. मुलं त्या दोरीला नथ म्हणतात. "नथ घातलीस का गं?" असं एखाद्या मुलाने मुलीला विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वर्गाबाहेर काढायला माझी जीभ शिवशिवली होती.

नेम शिकवायला संध्याकाळी सुदर्शन सर येत. उत्तरेश्वर काही शिकवत नसे. कागदोपत्री तो देखरेखीचा माणूस. झाडायचं, निशाणाचे कागद बदलायचे, बंदुका द्यायच्या आणि घ्यायच्या. पण हॉलवर राज्य त्याचं होतं. त्याचे नियम तीन शब्दांचे. बंदूक हातात घेताना आणि ठेवताना प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं: उघडली, बघितली, दाखवली. दाखवली म्हणजे शेजारच्याला दाखवली. आणि एक शब्द त्या हॉलमध्ये कोणी उच्चारायचा नाही. 'रिकामी.'

आठ दिवस बाकावर बसून मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी त्याच्याशी मराठीवरून भांडले. "काय हो उत्तरेश्वर, बांगड्या फुटल्या म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. तुमचं हे असलंच काही आहे का? अशुभ वगैरे?"

तो फरशी पुसत होता. पुसता पुसता थांबला. "तसलं काय न्हाई, बाई. रिकामी हे आपण नुसतं बोलतो. बघितली हे आपण करतो. एकदा रिकामी म्हणलं की बघायचं ऱ्हाऊन जातं."

मी बाकावर पाय वर घेतले आणि भांडण तिथेच सोडलं. ही गोष्ट क्वचित घडते.

उत्तरेश्वर धाराशिवकडचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी कामाच्या शोधात पुण्यात आला. आबांच्याच चाळीतल्या एका खोलीत तो आणि त्याची बायको रुपाली राहत. रुपाली दोन-तीन घरी पोळ्या करायची आणि दुपारी एक वाजता त्याचा डबा घेऊन हॉलवर यायची. आवाज खणखणीत. जिन्यात असताना ती "जेवायला चला" म्हणाली की आत नेम धरलेल्यांचे छर्रे हमखास भलतीकडे जायचे, आणि तिला मात्र उत्तरेश्वर कधीच काही बोलायचा नाही. मला यातही पक्षपात दिसत होता.

एकदा मी स्कूटरवरून घरी जाताना भाजीच्या गाड्यांपाशी दोघं चालताना दिसली. रस्त्याच्या कडेने, गर्दीतून. रुपाली वाहनांच्या बाजूला आणि हा गृहस्थ आतल्या बाजूला, तिचं मनगट घट्ट धरून. मला राहवलं नाही. स्कूटर थांबवून म्हणाले, "शाबास! बायको बसखाली आली तरी चालेल, आपण नीट राहायला हवं, नाही का?"

तो नुसता कसंनुसं हसला. रुपालीने माझ्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, बरोबर वर्मी लागलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाकावर रुपालीशेजारी बसायला गेले, तर ती म्हणाली, "बाई, तिकडं नगं. ह्या बाजूनं बसा. मला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई."

मी उठून तिच्या डाव्या बाजूला बसले. तिथे बसताच मला आदल्या दिवशीचा रस्ता आठवला. उत्तरेश्वर तिच्या डाव्या बाजूला चालत होता ते आठवलं, आणि माझे कान तापले.

तिने मग आपणहून सांगितलं. लपवायचं असं तिच्या मनात काही नव्हतं. उत्तरेश्वर पूर्वी एका सराफाच्या दुकानाच्या दारात बंदूक घेऊन उभा असायचा. बंदूक त्याची स्वतःची, एका नळीची, परवान्याची. गावाकडे लोक त्याला गनमॅन म्हणायचे आणि त्याला ते फार आवडायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो घरात बंदूक पुसायला बसायचा. त्या दिवशी रुपाली समोर मेथी निवडत होती.

"मी म्हणलं, तिचं तोंड तिकडं करा की. तर हे म्हणले, रिकामी हाय गं. म्हणले, आन् बार झाला." तिने हाताने आपल्या उजव्या कानाजवळून काहीतरी गेल्याची खूण केली. "पिठाचा डबा फुटला. खोलीभर पीठ. ह्यांना वाटलं मी मेले. मला काय ऐकूच येईना. ह्यांचं तोंड हलायलंय, रडायलेत, एवढं दिसायलं. आबांनी गाडीत घालून दवाखान्यात न्हेलं."

उत्तरेश्वरने दुसऱ्याच दिवशी बंदूक आणि परवाना पोलीस ठाण्यात नेऊन दिला. मग दोन महिने तो खोलीतून बाहेर पडला नाही. शेवटी आबांनीच त्याला बळेबळे इथे आणून उभं केलं. म्हणाले, तुझ्याइतकं घाबरलेलं माणूस मला ह्या कामाला दुसरं मिळायचं नाही.

"ह्या कानानं ऐकलेला शेवटचा शब्द तो," रुपाली म्हणाली. "रिकामी हाय गं. त्याच्यामागनं नुसती शिट्टी. नऊ वर्सं झाली बाई, ह्यांनी तो शब्द तोंडातनं काढला न्हाई. तांदळाचा डबा खाली झाला तरी म्हणत्यात, डब्यात तांदूळ न्हाईत." आणि ती खणखणीत हसली.

मला हसता आलं नाही. मी पर्समध्ये रुमाल शोधायच्या निमित्ताने बराच वेळ मान खाली घालून बसले. उत्तरेश्वरची क्षमा मागायची मला हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी बंदूक उचलताना तीन शब्द सगळ्यांत मोठ्याने म्हणू लागले, एवढंच.

खंडेनवमीला हॉलमध्ये शस्त्रांची पूजा असते. पांढऱ्या चादरीवर सगळ्या बंदुका आणि पिस्तुलं मांडायची, झेंडूची फुलं, हळदीकुंकू, वर पेढे. उत्तरेश्वर दरवर्षी सगळ्यांची तोंडं निशाणाच्या भिंतीकडे करायचा आणि पूजा करणाऱ्यांना, जिथून नेम धरतात त्या लाल रेषेच्या मागे बसवायचा. आबा दरवर्षी कुरकुरायचे. त्या वर्षी शेफालीची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती, त्यामुळे आबांचा उत्साह उतू चालला होता. पांढराशुभ्र सदरा घालून ते आले आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं. परवान्याचं होतं. जमिनीचे भाव चढले तेव्हा वारज्यातल्या बऱ्याच जणांनी घेतलं, तसं त्यांनीही घेतलं होतं.

"दरसाल बघतुया मी," ते म्हणाले. "ह्यो देवांना भिताडाकडं तोंड करून बशिवतो. देवाच्या पाठीची पूजा कोन करतं का?" त्यांनी मधोमध पाट मांडला, त्यावर तांदूळ पसरले आणि रिव्हॉल्व्हर ठेवलं. देव बसवतात तसं, तोंड आमच्याकडे करून. "शेफाली, ये बाळा. पयलं कुंकू तुजं."

शेफाली तबक घेऊन पाटासमोर गुडघ्यांवर बसली. नळीच्या आणि तिच्या छातीच्या मध्ये दोन वितींचं अंतर होतं. आजोबांपुढे तिला काही बोलवेना. तिने एकदा मागे वळून उत्तरेश्वरकडे बघितलं.

"आबा, आधी दाखवा," उत्तरेश्वर म्हणाला.

"रिकामी हाय रं."

"दाखवा, आबा."

"म्हनलं ना रिकामी हाय?" आबांचा आवाज चढला. "तुज्या हातनं येकदा चुकलं म्हनून साऱ्या जगाला शिकिवणार का तू?"

हॉलमध्ये वीस-बावीस मुलं होती, त्यांचे आईबाप होते. त्यांतल्या कोणाला काही ठाऊक नव्हतं. आता ते सगळे उत्तरेश्वरकडे बघत होते. त्याची मान खाली गेली. खोली आबांची, नोकरी आबांची, आणि त्या दिवशी रुपालीला ज्या गाडीतून नेलं ती गाडीही आबांची. तो एक पाऊल मागे सरला.

आणि मी काय केलं, तेही सांगते. इतकी फटकळ मी, इतरांसारखीच हात जोडून उभी राहिले. पूजेच्या वेळी उगीच तमाशा कशाला, रिकामी म्हणतायत तर असेल, असंच मला वाटलं. सगळं माहीत असून वाटलं.

रुपाली त्याच्या शेजारी उभी होती. आबा तिच्या उजवीकडे होते, त्यामुळे आवाज चढलेला तिला कळला, शब्द कळले नव्हते. सगळे गप्प का झाले हे तिला कळेना. तिने नवऱ्याचा हात हलवला आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, "काय म्हणले हो आबा?"

उत्तरेश्वर सवयीने तिच्या डाव्या कानाशी वाकला. सांगायला त्याने तोंड उघडलं. तो तसाच वाकलेला राहिला. त्याचे ओठ हलले, पण त्या कानात त्याला तो शब्द घालता येईना.

तो सरळ झाला. "शेफाली," तो म्हणाला, "मागं."

शेफाली झटकन उठली आणि लाल रेषेच्या मागे गेली. तिच्यापाठोपाठ सगळी मुलं, कोणी न सांगता, रेषेच्या मागे जाऊन उभी राहिली. पोरांना ती सवयच लागलेली होती. उत्तरेश्वर पुढे जाऊन शेफालीच्या रिकाम्या झालेल्या जागेच्या बाजूला उभा राहिला.

"आबा, मला ठेवा न्हाईतर काढा. उद्या खोली सोडतो. तुमचे उपकार हाईत, मी मेलो तरी फिटायचे न्हाईत. पर ती उघडल्याबिगर पोरगी तिच्या म्होरं बसणार न्हाई."

आबा लालबुंद झाले. त्यांनी पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचललं. उचलताना त्यांचा हात आपोआप वळला आणि नळी भिंतीकडे झाली. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांच्याही हाताला ते कळलं होतं. त्यांनी खटक्यावर अंगठा ठेवला. आणि थांबले.

फार नाही, दोन सेकंद. पण ते थांबणं मी तेहतीस वर्षं बघितलंय. "येतं मला, बाई" म्हणून पोरगं फळ्यापाशी येतं, हातात खडू घेतं, आणि तसंच उभं राहतं. आबांना माहीत नव्हतं. आत काय आहे ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

मग खटका वाजला आणि रिव्हॉल्व्हर मधून उघडलं. सहाही भोकांतून खिडकीतला उजेड दिसला. आत काही नव्हतं.

कोणी हसलं नाही. आबांनी त्या सहा भोकांकडे बघितलं, मग रेषेमागे तबक धरून उभ्या असलेल्या नातीकडे बघितलं. "शेतावर ग्येलो हुतो मागं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "तवा भरली हुती. काडल्या का न्हाय त्या गोळ्या, मला आटवत नव्हतं."

त्यांनी उघडलेलं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. उत्तरेश्वर खाली वाकला. सहा भोकं त्याने एकेक करून बघितली, मग बोट फिरवून बघितली. "बघितली," तो म्हणाला. "ये, शेफाली."

पूजा झाली. देवांच्या पाठीवर कुंकू लागलं, आणि कुठलाही देव रागावला नाही. पेढे वाटून झाले तरी आबा उभेच होते. मग ते हळूहळू चालत बाकापाशी आले. मी सरकून जागा केली. ते बसले, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि तिकडून विचारलं, "किती रं, उत्तरेश्वर? आठ का पंदरा?"

उत्तरेश्वर चादरीच्या घड्या घालत होता. त्याचे डोळे भरून आले होते, ते त्याने खांद्याला पुसले. "आठ, आबा," तो म्हणाला. "वय बघून."

आबा आठही दिवस आले. सकाळी दहा ते बारा, न चुकता, माझ्या त्या जागेवर बसले. त्या पूजेनंतर ते रिव्हॉल्व्हर त्यांनी कमरेला लावलेलं मी पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचंच. सगळे पांगल्यावर रुपालीने पायात चप्पल सरकवली आणि जिन्याच्या तोंडाशी थांबून नवऱ्याला म्हणाली, "अहो, मगाशी काय म्हणले आबा? तुम्ही सांगितलंच न्हाई."

उत्तरेश्वर तिच्या डाव्या बाजूला गेला, कानाशी वाकला आणि तिचं मनगट धरलं.

"दाखवतो म्हणले," तो म्हणाला.

"मग बरंय," रुपाली म्हणाली, आणि दोघं जिना उतरायला लागली.

साफ खोटं होतं ते. मी मागेच उभी होते, मी शब्द न् शब्द ऐकला होता. तेहतीस वर्षं मी लोकांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. ही एवढी मी तशीच राहू दिली.